बी निगेटिव्हची एक पिशवी

"फोनवर हाय म्हनला, म्हणूनच आलो न्हवं का," काउंटरसमोरचा माणूस म्हणाला. त्याच्या एका हातात बर्फाचा थर्मास होता. दुसऱ्या हातात रुमालात गुंडाळलेली रक्ताच्या सँपलची ट्यूब आणि डॉक्टरांची चिठ्ठी. आटपाडीहून जीपने अडीच तास करून तो सांगलीत आला होता.

"हाय की," काउंटरवरचे पवार म्हणाले. त्यांनी मॉनिटर वळवून त्याला दाखवलाच. "ह्ये बघा. बी निगेटिव्ह, एक."

लॅबच्या दारातून हमीदा मुजावर बाहेर आल्या. रक्तपेढीच्या त्या सीनियर टेक्निशियन. "बी निगेटिव्ह? ती नाही देता यायची, पवार. ती सकाळीच धरलीय. दुपारच्या ऑपरेशनला."

पवारांनी स्क्रीनकडे पाहिलं, मुजावरबाईंकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी शेजारच्या खुर्चीवर बसून त्याच प्रोग्रॅमचा एक रिपोर्ट नीट करत होते. प्रोग्रॅम मी लिहिलेला होता.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ होता. मी साताऱ्यातल्या एका लहानशा सॉफ्टवेअर फर्ममध्ये कामाला होते. लहानशा म्हणजे मालक जाधव सर, मी, आणखी एक प्रोग्रॅमर आणि एक प्रिंटर, जो आमच्या तिघांपेक्षा जास्त आवाज करायचा. फर्मला सांगलीतल्या एका ट्रस्टच्या रक्तपेढीचं काम मिळालं होतं. किती पिशव्या शिल्लक, कोणत्या गटाच्या, कोणती कधी बाद होणार, कोणती कोणाला दिली, हे सगळं कॉम्प्युटरवर आणायचं.

त्या आधी सगळं एका मोठ्या रजिस्टरात होतं. काउंटर आणि लॅब यांच्या मधल्या भिंतीत एक खिडकी होती आणि तिच्या फळीवर ते रजिस्टर कायम उघडं पडलेलं असायचं. पवार अलीकडून पाहायचे, मुजावरबाई पलीकडून लिहायच्या. मला ती व्यवस्था मागासलेली वाटली होती. मी दोन्हीकडे एकेक मशीन दिलं, तिसरं डॉ. कांबळ्यांच्या टेबलावर. डॉ. कांबळे म्हणजे रक्तपेढीचे मेडिकल ऑफिसर. तिन्ही मशीन काळ्या केबलने जोडली आणि डेटाची फाईल डॉक्टरांच्या मशीनवर ठेवली. प्रोग्रॅम व्हिज्युअल बेसिकमध्ये, डेटा ॲक्सेसमध्ये. गावातल्या निम्म्या दुकानांत फॉक्सप्रोचे काळे स्क्रीन असताना आमचा प्रोग्रॅम रंगीत खिडक्यांचा होता, आणि मला त्याचा बराच अभिमान होता.

तर, पवार माझ्याकडे पाहत होते. आटपाडीचा माणूसही माझ्याकडे पाहायला लागला, कारण बाकीचे पाहत होते.

"आवं ताई, तितं माझी भावजय हाय," तो मला म्हणाला. "सकाळी बाळंत झाली. रगत थांबंना. डॉक्टर म्हनला, एक तरी बाटली आना. आता तुमी न्हाई म्हंताय?"

पिशव्या येऊन बरीच वर्षं झाली होती, पण लोक बाटलीच म्हणत. मी काहीतरी पुटपुटले आणि की-बोर्डकडे वळले. संकटात प्रोग्रॅमर की-बोर्डकडेच वळतो.

पहिला संशय मला केबलचा आला. त्या केबलचा एखादा जोड सैल झाला की सगळं नेटवर्क रुसायचं. पण तिन्ही मशीन नीट बोलत होती. दुसरा संशय मी केलेल्या एका निवडीचा. तो थोडा समजावून सांगते. प्रोग्रॅमने डेटा वाचायच्या दोन तऱ्हा होत्या. एक म्हणजे सकाळी टेबलचा, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या पिशव्यांच्या यादीचा, फोटो काढून ठेवायचा आणि दिवसभर तोच बघायचा. हे जलद, पण फोटो शिळा होतो. दुसरी म्हणजे दर वेळी खुद्द टेबलकडे जाऊन बघायचं. हे सावकाश, पण ताजं. कुठं फोटो चालेल आणि कुठं नाही, हे ठरवणं म्हणजे आमच्या धंद्यातलं निम्मं शहाणपण. काउंटरवर मी चुकून फोटो वापरला की काय, या भीतीने मी कोड उघडला. नव्हता वापरला. पवारांचा स्क्रीन दर मिनिटाला ताजा होत होता.

म्हणजे प्रोग्रॅममध्ये बग नव्हता. टेबलमध्ये पिशवी शिल्लक होती, कोणाला दिलेली नव्हती, म्हणून स्क्रीन "एक" म्हणत होता. माझ्या दृष्टीने ते अगदी बरोबर होतं, आणि समोर थर्मास घेतलेला माणूस उभा होता.

डॉ. कांबळे आतून आले. त्यांना सगळं समजायला एक मिनिट लागलं. सकाळी पावणेदहाला सांगलीतल्याच एका हॉस्पिटलमधून सँपल आलं होतं. दुपारी दोनला ऑपरेशन, लागलंच तर असावी म्हणून बी निगेटिव्हची एक पिशवी हवी. मुजावरबाईंनी क्रॉसमॅच लावलं. म्हणजे पिशवीच्या नळीतलं थोडं रक्त आणि पेशंटचं रक्त एकत्र करून दोघांचं जमतं का ते पाहिलं. त्याला पाऊण तास लागतो. जमलं. बाईंनी पिशवीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर पेशंटचं नाव घातलं आणि ती फ्रीजच्या वरच्या कप्प्यात वेगळी ठेवली. लॅबपुरतं ते पुरेसं होतं. काउंटरला फ्रीज दिसत नव्हता. सव्वादहाला, क्रॉसमॅच चालू असतानाच, आटपाडीहून डॉक्टरांचा फोन आला आणि पवारांनी स्क्रीन बघून सांगितलं, आहे, माणूस पाठवा.

"पवार, दुसरीकडं कुठं?" डॉक्टरांनी विचारलं.

"तीन ठिकाणी लावला फोन. बी निगेटिव्ह कुणाकडंच न्हाई, ओ निगेटिव्ह पन न्हाई. इस्लामपूरचा डोनर हाय आपला, मास्तर. पर त्येनला संध्याकाळ हुईल यायला. मग टेस्टिंग. म्हंजे उद्याच."

"आटपाडीला फोन लावा."

एसटीडी लागायला चार-पाच मिनिटं गेली. डॉ. कांबळे दोन वाक्यं बोलले, मग त्यांनी रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "काय झालं ते तुम्ही सांगा. मला नीट सांगता यायचं नाही."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी रिसीव्हर घेतला.

"मॅडम, मला एवढंच सांगा," पलीकडचे डॉक्टर म्हणाले. दमलेला आवाज. "सव्वादहाला पिशवी होती का नव्हती?"

"होती. पण दुसऱ्या पेशंटसाठी धरून ठेवलेली होती. आमच्या कॉम्प्युटरवर ते दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे?"

"तशी सोय मी केलेली नाही."

"तेव्हाच नाही म्हणाला असतात ना, तर मी तिला गाडीत घालून सांगलीला पाठवलं असतं. तेव्हा हलवता येत होतं. आता मी तिला हलवू शकत नाही. बरं, पिशवी मिळणार का नाही?"

मी डॉ. कांबळ्यांकडे पाहिलं. त्यांनी हाताने थांबायची खूण केली. "दहा मिनिटांत सांगतो म्हणा."

मला त्या वेळी जे वाटलं त्याला लाज म्हणतात. नोकरीत चुका आधीही केल्या होत्या. चुकीची बेरीज, उलटी तारीख, रिकामा निघालेला रिपोर्ट. त्या सगळ्यांना दुरुस्त करायला उद्याचा दिवस होता. या बाईला उद्याचा दिवस आहे की नाही ते कोणी सांगू शकत नव्हतं, आणि तिचे अडीच तास मी खाल्ले होते.

डॉ. कांबळे ऑपरेशनवाल्या सर्जनना फोन लावत बसले. सर्जन ओपीडीत होते, मग वॉर्डात होते, मग कुठं आहेत ते कोणाला माहीत नव्हतं. मुजावरबाईंनी तेवढ्यात त्या माणसाच्या हातातून ट्यूब घेतली.

"परवानगी आलेली नाही अजून," मी म्हणाले. हे म्हणायचं मला काहीच कारण नव्हतं.

"यायची तेव्हा येईल. मी लावून ठेवते. आली तर पाऊण तास वाचला. नाही आली तर माझं थोडं टेस्टिंगचं सिरम वाया गेलं, एवढंच." आणि त्या आत गेल्या. त्यांना पिशवीच्या नळीचा आणखी एक तुकडा तोडताना मी दाराच्या काचेतून पाहिलं. हात अजिबात घाईत नव्हता.

आटपाडीचा माणूस बाकावर बसला. पवारांनी त्याला चहा आणून दिला. त्याने तो घेतला आणि बाजूला ठेवून दिला. "दुसरं पोरगं हाय तिचं," तो मला म्हणाला. "थोरलं अडीच वर्साचं." मग थोड्या वेळाने, "ती मशीन खोटं बोलती व्हय, ताई?"

"नाही," मी म्हणाले. "तिला जेवढं सांगितलं तेवढंच बोलते."

"मग सांगायचं न्हाई व्हय समदं?"



सर्जन वीस मिनिटांनी सापडले. आम्हाला डॉ. कांबळ्यांची बाजू तेवढी ऐकू येत होती. "सर, दुपारच्या केसचं... हो, बी निगेटिव्ह. नाही सर, क्रॉसमॅच झालंय, पिशवी आहे. ती मला परत हवी आहे... बाळंतपणाची केस, आटपाडीला. हलवता येत नाही... माहीत आहे सर, तुमचा पेशंट सकाळपासून उपाशी आहे. चूक आमची आहे. उद्या सकाळी दुसरी पिशवी देतो, उद्या दुपारी करा... हो सर. हो. आभारी आहे."

त्यांनी फोन ठेवला आणि लॅबच्या दाराकडे पाहून मान हलवली. मुजावरबाईंनी पिशवीवरची चिकटपट्टी ओढून काढली.

क्रॉसमॅच जमलं. दोनच्या सुमाराला पिशवी थर्मासमध्ये गेली. पवार त्या माणसाबरोबर जीपपर्यंत गेले आणि ड्रायव्हरला सांगून आले, "थर्मास उघडून बघत बसू नगंस, गड्या. आन् बर्फाला पिशवी टेकवू नगंस." पिशवी आणि बर्फ यांच्यामध्ये कागदाचा जाड थर घातला होता, तरीही.

मग मुजावरबाईंनी हात धुतले आणि कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. ते बंद करायला मीच लावलं होतं. दोन महिने दोन्हीकडे लिहून झाल्यावर मी सांगितलं होतं, दोन ठिकाणी लिहाल तर एकही धड लिहिणार नाही. तपासणीला लागतं म्हणून रोज संध्याकाळी प्रिंटआउट चिकटवायचं नवं रजिस्टर केलं आणि हे कपाटात गेलं.

"तुमच्याकडं आमच्या पानांच्या झेरॉक्स आहेत ना?" त्यांनी विचारलं.

होत्या. माझ्या बॅगेत फाईलच होती. काम सुरू करताना मला साताऱ्यात बसून प्रोग्रॅम लिहायचा होता. दर आठवड्याला एसटीने सांगली नको म्हणून मी रजिस्टरच्या तीस पानांच्या झेरॉक्स मागवल्या होत्या. त्या तीस पानांवरून मी सगळे कॉलम काढले. पिशवी नंबर, गट, तारीख, बाद तारीख, टेस्टिंग, पेशंटचं नाव, दिल्याची तारीख, सही. एकही कॉलम सोडला नव्हता.

बाईंनी रजिस्टरमधलं एक पान काढलं. मी फाईलमधली त्याच पानाची झेरॉक्स शेजारी ठेवली. अक्षर न् अक्षर तेच होतं. मग त्यांनी रजिस्टर उचलून ट्यूबलाईटखाली थोडं तिरकं धरलं.

कितीतरी ओळींच्या कडेला पेन्सिलीने बारीक लिहिलेलं होतं. पेशंटच्या नावातली दोन अक्षरं, हॉस्पिटलचं एक अक्षर, वेळ. काही ठिकाणी ते खोडलेलं होतं आणि खोडलेल्यावर पुन्हा दुसरं लिहिलेलं होतं. पिशवी धरली की पेन्सिल. दिली की पेन. धरलेली सोडली की खोडरबर. खिडकीतल्या फळीवर रजिस्टरशेजारी पेन आणि पेन्सिल दोन्ही दोऱ्याने बांधलेली असत. ते मी पहिल्या भेटीत पाहिलं होतं आणि कामाचं नाही म्हणून विसरले होते.

झेरॉक्समध्ये त्यातलं काहीच उतरलं नव्हतं. नीट पाहिलं तर दोन-चार ओळींच्या कडेला धुरकट डाग दिसत होते. मला वाटलं होतं, दुकानदाराने काच पुसली नसेल.

"ट्रेनिंगच्या दिवशी मी विचारलं होतं," मुजावरबाई म्हणाल्या. "ह्यात पेन्सिलीचं काय म्हणून."

मला आठवलं. मी म्हणाले होते, "बाई, आता पेन-पेन्सिल काही लागायचं नाही." सगळे हसले होते. मीही हसले होते.

"मला वाटलं, कॉम्प्युटरला कळत असेल आतल्या आत," त्या म्हणाल्या. त्या टोमणा मारत नव्हत्या. खरोखर तसं वाटलं होतं त्यांना. लोक तेव्हा कॉम्प्युटरला भलताच मान देत.

माझी साताऱ्याची गाडी केव्हाच गेली होती. मी फोनजवळ बसून राहिले. सहा वाजता आटपाडीहून फोन आला. रक्त पावणेपाचला लागलं होतं. पलीकडचे डॉक्टर पवारांना म्हणाले, बी.पी. वर येतंय, रक्तस्राव थांबलाय, पण आज रात्र जाऊ दे, मग बोलू. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बोलले. बाई वाचली. इस्लामपूरच्या मास्तरांचं रक्त दुपारच्या ऑपरेशनला तयार ठेवलं, आणि ते लागलंच नाही.

साताऱ्याला गेल्यावर जाधव सरांना सगळं सांगितलं. सर चांगले होते, पण त्यांना प्रत्येक दुखण्यावर एका ओळीचं औषध ठाऊक असे.

"त्यात काय? रेकॉर्ड लॉक करून टाक," ते म्हणाले. "बाईंनी पिशवी उघडली की लॉक. त्यांचं संपेपर्यंत दुसऱ्या कोणाला हात लावता येणार नाही. एका ओळीचा कोड."

लॉक म्हणजे फाईलच्या एका भागावर हात ठेवून बसणं. जोवर माझा हात आहे तोवर दुसऱ्याने तिथं लिहायचं नाही. ऐकायला पेन्सिलीसारखंच वाटतं. मी तसं करून पाहिलं. चाचणीला सांगलीत गेले, बाईंना एक पिशवी उघडायला सांगितली आणि पवारांना दुसरीच पिशवी द्यायला सांगितली. पवारांच्या स्क्रीनवर सूचनेची पेटी आली. ही नोंद लॅबच्या मशीनने लॉक केली आहे.

"मॅडम, मी ए पॉझिटिव्ह देतोय. त्यांचं बी निगेटिव्ह हाय. माझं कशाला अडलं?"

अडलं होतं, कारण त्या काळची ती फाईल एकेका नोंदीवर हात ठेवू शकत नव्हती. ती पानाच्या हिशेबात चालायची. एका पानात दोन हजार अक्षरं, म्हणजे आमच्या पंधरा-सोळा पिशव्या. एकीवर लॉक ठेवलं की शेजारच्या चौदा-पंधरा फुकट अडकायच्या, पाऊण पाऊण तास. रजिस्टरच्या पानावर कोणीतरी कोपर टेकवून झोपावं, तसं. मी पवारांना समजावत होते, तेवढ्यात लाईट गेली. सांगलीत तेव्हा ती जायचीच. लॅबच्या मशीनला यूपीएस नव्हता. पाच मिनिटांनी लाईट आली, मशीन चालू झालं, आणि पवार म्हणाले, "आता जमतंय की." लॉक लाईटबरोबर गेलं होतं. पिशवी पुन्हा मोकळी दिसत होती.

मुजावरबाई सगळं बघत होत्या. "पेन्सिल लाईट गेली तरी राहते," त्या म्हणाल्या.

पुण्याहून आलेल्या एका विक्रेत्याने जाधव सरांना सांगितलं होतं की फाईल-बिईल सोडा, मोठा डेटाबेस सर्व्हर घ्या, क्लायंट-सर्व्हर करा, म्हणजे डेटा सांभाळायला वेगळं मशीन. पुढे काही वर्षांनी मी तेही काम केलं, आणि ते चांगलं असतं. पण आमच्या दुखण्याला त्याचा उपयोग नव्हता. सर्व्हरनेही त्या सकाळी तितक्याच ठामपणे "एक" म्हणून सांगितलं असतं, फक्त जरा लवकर.

शेवटी केलं ते साधं होतं. पिशवीच्या नोंदीत तीन कॉलम वाढवले. कोणासाठी धरली, कोणी धरली, किती वाजता. बाईंनी बटण दाबलं की प्रोग्रॅम एकच हुकूम सोडायचा: ही पिशवी अजून मोकळी असेल तरच हे नाव लिही, आणि किती नोंदी बदलल्या ते सांग. उत्तर एक आलं तर पिशवी तुमची. शून्य आलं तर तुमच्या आधी कोणीतरी धरली. लॉक लागायचं, पण डोळ्याची पापणी लवेपर्यंत. धरून ठेवणं माणसाचं काम होतं, पाऊण तासाचं, कधी दिवसभराचं. ते मी मशीनच्या हाती द्यायला निघाले होते. ते लिहून ठेवायला हवं होतं, बाकी सगळं लिहिलं होतं तसंच. धरलेली पिशवी काउंटरच्या स्क्रीनवर वेगळ्या रंगात दिसायला लागली. सोडायची असेल तर बाईंनाच सोडता यायची.

बटणावर मी "रिझर्व्ह" लिहिलं होतं. मुजावरबाई म्हणाल्या, "पेन्सिल लिहा." जाधव सरांना ते बालिश वाटलं. मी पेन्सिलच लिहिलं.

नवा प्रोग्रॅम बसवून झाल्यावर मी दोन दिवस तिथंच थांबले. कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला फोन वाजला. वडूजचं एक नर्सिंग होम. बाळंतपणाचीच केस, गट ओ निगेटिव्ह. पवारांनी स्क्रीन पाहिला. ओ निगेटिव्हसमोर एक पिशवी होती, आणि ती राखाडी रंगात होती.

मी खुर्चीत पुढे सरकले.

"एकच हाय, डॉक्टर, आन् ती धरलेली हाय," पवार म्हणाले. "न्हाई देता यायची. पेशंट हलवता येतोय का? मग थांबू नका, घाला गाडीत. तवर आमी डोनर बोलवतो."

दीडच्या सुमाराला ती गाडी सांगलीच्या हॉस्पिटलात पोचली. डोनर तिच्या आधी पोचला होता. पवारांनी मला हे सांगितलं ते कागद फाडता फाडता, सहज.

मी आणखी वीस-बावीस वर्षं हे काम केलं. बँका, दूध संघ, दवाखाने, एक कारखाना. डेटा वाचायच्या तऱ्हा दर तीन-चार वर्षांनी बदलल्या आणि दर वेळी नवीन तऱ्हेने सगळे प्रश्न सुटतील असं कोणीतरी सांगितलं. मी जमेल ते शिकले. पण काम सुरू करताना झेरॉक्स पुन्हा कधी मागवली नाही. एसटीने जायचं, मूळ रजिस्टर मागायचं आणि पान उजेडात तिरकं धरून बघायचं. लोकांना वाटायचं, मॅडमचे डोळे गेलेत.